ग्रँटच्या आधी व्हिसा बघ

तुझा मेसेज नीट वाचला. नागपुरात स्वतःच्या मराठी गझला गिटारवर बसवून गातेस, इंग्लंडात लीड्सला एम.ए.ला प्रवेश मिळालाय, आणि ‘तिथं स्वतंत्र संगीतकारांना ग्रँट भरपूर मिळतात म्हणे, त्यावर भागेल का दादा?’ असं विचारून राहिलीस. भागणार नाही. पहिलं वर्ष तर मुळीच नाही, आणि आडवा येतो तो व्हिसा.

स्टुडंट व्हिसावर सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते. पण स्वतःचा व्यवसाय करता येत नाही आणि ‘एंटरटेनर’ म्हणून कामही करता येत नाही. म्हणजे कॅफेत कप विसळून पैसे घेतले तर चालतं, त्याच कॅफेच्या कोपऱ्यात बसून गाण्याचे घेतले तर नाही. फुकट गायचं असलं तरी युनिव्हर्सिटीच्या व्हिसा सल्लागाराला आधी विचार. इथल्या माझ्या पहिल्या दिवाळीला एका घरगुती मैफलीत तबला वाजवला, तर यजमानीणबाईंनी पाकीट पुढे केलं. नाही म्हटलं तर त्यांना वाटलं, पैसे कमी वाटले! व्हिसाचं समजावेपर्यंत चहा गार झाला.

शिक्षण संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की स्वतःचं काम मोकळेपणाने करता येतं. आजवर तो २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून एम.ए.वाल्यांच्या अर्जांना १८ महिनेच मिळणार. तू दीडच वर्ष धर.

तेव्हा पहिली बघायची ती आर्ट्स कौन्सिल इंग्लंडची, म्हणजे कलांना सार्वजनिक निधी देणाऱ्या संस्थेची, ‘डेव्हलपिंग युअर क्रिएटिव्ह प्रॅक्टिस’ ही ग्रँट. २,००० ते १२,००० पाउंड. ही कार्यक्रम करायला नाही, तुला स्वतःला पुढे जायला आहे: कुणाकडे शिकणं, नवं काही करून पाहणं, त्या दिवसांचं स्वतःचं मानधनसुद्धा. शाळा-कॉलेजबाहेरचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. त्यांचीच नॅशनल लॉटरी प्रोजेक्ट ग्रँट १,००० पाउंडांपासून सुरू होते, पण तिथे खर्चाचा साधारण १० टक्के वाटा दुसरीकडून उभा करावा लागतो. नवख्या माणसाने आधी पहिलीकडे जावं असं माझं मत.

आता अर्ज कसा लिहू नये ते सांगतो. माझा पहिला अर्ज एका ठिकाणी आपटला. त्यात मी ‘भारतीय संगीताचा समृद्ध वारसा सातासमुद्रापार’ वगैरे लिहिलं होतं, सत्काराच्या भाषणासारखं. वारसा त्यांना माहीत आहे. मी त्या पैशातून सोमवारी सकाळी उठून काय करणार, ते कुठेच नव्हतं. दुसऱ्या वेळी साधं लिहिलं: झपताल धरून एका डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जातलं वाद्य) वादकासोबत ६ दिवस बसायचंय, खोलीचं भाडं इतकं, त्याचं मानधन इतकं, माझे १५ दिवस इतक्याचे. मंजूर झालं. तुझ्या बाबतीत म्हणशील तर ‘मराठी गझल जगात पोचवायची’ असं लिहू नको. मराठी न कळणाऱ्या श्रोत्यांसमोर रदीफ-काफिया (शेराच्या शेवटी तोच येणारा शब्द आणि त्याआधीचं यमक) ऐकू कसा आणायचा, हे शोधायचंय असं लिही. तो खरा प्रश्न आहे आणि तो तुझाच आहे.

बाकीचं भराभर सांगतो. पीआरएस फाउंडेशन या नव्या संगीताला निधी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा संगीतकारांसाठी ओपन फंड आहे, ५,००० पाउंडांपर्यंत. हेल्प म्युझिशियन्स ही १९२१ पासूनची संस्था पैशाबरोबर सल्ला आणि आरोग्याची मदतही करते. काम सुरू झालं की म्युझिशियन्स युनियनचं सभासदत्व घे. करारपत्र तपासून देतात आणि कार्यक्रमात तुझ्यामुळे कुणाला इजा किंवा नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा दायित्व विमाही त्यात येतो. लीड्समध्येच एसएए-यूके (साउथ एशियन आर्ट्स-यूके) ही संस्था आहे, दक्षिण आशियाई संगीताचं काम करते. आल्या आल्या तिथे जाऊन तोंड दाखव.

पण तुझं खरं काम अजून नागपुरातच आहे. पुढे इथे राहायचं तर कलाकारांसाठी ग्लोबल टॅलेंट व्हिसा असतो. त्याला आर्ट्स कौन्सिलची शिफारस लागते, आणि त्यासाठी तीन शिफारसपत्रं आणि गेल्या ५ वर्षांतले पुरावे, जास्तीत जास्त १०. मी माझी फाइल उघडली तेव्हा देशपांडे सभागृहातल्या एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका सापडली: ‘शनिवार दि. १४, सायं. ठीक ६ वा., अगत्य येण्याचे करावे.’ महिना नाही, साल नाही, आणि कलाकारांत माझं नाव ‘तबला साथ’ एवढंच. असल्या कागदाचं इथे काय होणार, बाप्पा! म्हणून निघायच्या आधी प्रत्येक आयोजकाकडून संस्थेच्या लेटरहेडवर तारीख, जागा आणि तुझं पूर्ण नाव लिहून घे. वर्तमानपत्राची कात्रणं तारखेच्या पट्टीसकट स्कॅन कर. त्यांचं इंग्रजी भाषांतर तिथेच करून आण.

रचनांची आयपीआरएसमध्ये, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या भारतातल्या संस्थेत, नोंदणीही आताच कर, गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून. परदेशातल्या रॉयल्टीचा रस्ता तिथून निघतो.

आणि एक, जे ऐकून तू चिडशील. वय १८ ते २५ मधल्या कलाकारांना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते, महिना ५,००० रुपये, २ वर्षं, त्यात सुगम शास्त्रीयही येतं. पण ती भारतातच शिकण्यासाठी आहे. तुझं वय २४. ती घ्यायची तर एम.ए.चा प्रवेश पुढे ढकलता येतो का, हे युनिव्हर्सिटीला एका ईमेलवर विचारून घे, मग विमानाचं तिकीट काढ.