कलम जुळलं, तरी छाटणी आहेच

“ऑपरेशन होऊनही मान दुखतेच. म्हणजे ते फसलंच ना?” नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की आता माणूस बसतो कसा यावरूनच तो ओळखू येतो. शेजाऱ्याशी बोलायला अख्खं धड वळतं.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पत्नीला घेऊन आले. मानेचा पाचवा-सहावा मणका पट्टी-स्क्रूंनी जोडून 14 महिने झालेले. गळ्यात पट्टा, सर्जननं केव्हाच काढायला सांगितलेला. घामानं कडा काळ्या पडलेल्या. विषय अवघड झाला की वेल्क्रो खर्रकन उघडायचे, पुन्हा चिकटवायचे.

“ऑपरेशन केलं कशासाठी, दादा?”

“खांद्यापासून अंगठ्यापर्यंत करंट मारायचा, मॅडम. रात्र-रात्र झोप नाही.”

“आता?”

“ते थांबलं. पण मान!”

उत्तर त्यांनीच दिलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं. दबलेली नस मोकळी झाली की हाताची कळ बहुधा जाते. मानेचं दुखणं तितक्या खात्रीनं जात नाही. झिजलेले बाकीचे सांधे, आखडलेले स्नायू तिथंच असतात आणि जोडलेल्या जागेच्या वरखालच्या मणक्यांवर ताणही वाढतो. उलट, डोकं डावी-उजवीकडे वळवण्याचं जवळपास निम्मं काम सर्वांत वरचे दोन मणके करतात. त्यांना कुणी हात लावलेला नसतो. दादांची मान अडली होती ती बरीचशी धास्तीनं.

‘असंच व्हायला हवं’ हा हट्टच माणसाला छळतो, असं सांगणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं मी जाणारी. ‘मान पूर्वीसारखी व्हायलाच हवी’ यातला ‘च’ मला दुखण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तीन भेटी त्यावर घासाघीस केली. दादा मान डोलावत, म्हणजे धड डोलावत, आणि पट्टा घट्ट करत.

चौथ्या भेटीत सहज विचारलं, “मणके जोडले कशानं?”

“हाडाचा तुकडा घातला म्हणे. ग्राफ्ट...”

आणि थांबले. डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचं कलम बांधण्यात ज्याची हयात गेली, त्याला हा शब्द मी काय समजावणार?

“कलम जुळलं की बागेचं काम संपतं का हो?”

“संपतंय कशाचं!” वहिनीच बोलल्या. “एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी.”

बऱ्याच वेळानं दादा म्हणाले, “गाठ तर जन्मभर राहती. म्हणून कोणी वेल उपटत नाही.” वेल्क्रो उघडला. या वेळी पट्टा टेबलावर ठेवला.

हे वाक्य मी बोलले असते तर वाया गेलं असतं. गप्प राहिले, याचं थोडं कौतुक मी स्वतःचं करून घेते.

पुढचं काम साधं, कंटाळवाणं. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम रोज, बरं वाटलं त्या दिवशीही. बरं वाटलं म्हणून दिवसभर राबायचं आणि मग तीन दिवस झोपून काढायचे, हे बंद. मांडवाखाली 20 मिनिटं, मग बांधावर. मात्र हाताची ताकद कमी होणं, गुंड्या लावता न येणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांतलं काहीही नव्यानं दिसलं तर समुपदेशकाकडे नाही, तातडीनं सर्जनकडे जायचं.

विरळणीच्या दिवसांत दादांचा फोन आला. वर बघवत नाही, म्हणून मोबाईल कमरेशी आडवा धरून सेल्फी कॅमेऱ्यात घड बघतात. मजूर हसतात म्हणे. पट्टा ट्रॅक्टरच्या खोक्यात आहे, ‘लांबच्या प्रवासाला लागतो.’ ते मला अजून पटलेलं नाही.