लाइटच्या पाईपमधून स्पीकरची वायर ओढायची का?

तुम्ही विचारलंय की ठाण्यातल्या फ्लॅटचं काम चालू आहे, पुढच्या आठवड्यात पीओपीवाला येतोय, हॉलमध्ये ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर) लावायचंय आणि वायरमन म्हणतो पंख्याच्या पाईपमधूनच स्पीकरच्या वायरी ओढून देतो, वेगळी झिरी कशाला मारायची. त्याला सरळ नाही म्हणा.

बरेच जण सांगतील की हम (स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज) येतो म्हणून एका पाईपमधून नको. स्पीकरच्या वायरीत हम तसा फारसा येत नाही, तिथे सिग्नल तगडा असतो. खरी भानगड इन्शुलेशनची आहे. लाइटची चांगली वायर घेतली की तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं असतं, दुकानात मीटरवर मिळणाऱ्या पारदर्शक स्पीकर वायरवर असलं काही बहुतेक वेळा नसतंच, कारण तिला २३० व्होल्टच्या शेजारी राहायचंच नसतं, १०० वॅटचा अँप (ॲम्प्लिफायर) आठ ओहमच्या स्पीकरला फुल दिला तरी साधारण २८ व्होल्ट होतात. आता पाईपच्या बेंडमध्ये वायरमन दोन्ही हातांनी जोर लावून ओढतो तेव्हा तिची साल खरवडते, आणि तिथे फेज टेकला की तो स्पीकरच्या टर्मिनलवर, रिसीव्हरच्या (ज्यात अँप असतो आणि ज्याला सगळे स्पीकर जोडतात त्या डब्याच्या) पत्र्यावर, एचडीएमआयमधून टीव्हीपर्यंत जातो. बऱ्याच रिसीव्हरचा प्लग टू-पिन, म्हणजे अर्थिंग नाहीच. आरसीसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर तो ट्रिप होईल, पण कदाचित कुणाचा तरी हात लागल्यावरच!

म्हणून वेगळा २५ एमएमचा पाईप टाका, लाइटच्या पाईपला समांतर जात असेल तर फूटभर लांब ठेवा आणि जिथे ओलांडावाच लागेल तिथे काटकोनात ओलांडा. स्पीकरच्या वायरी लाइटच्या बोर्डाच्या डब्यात आणायच्या नाहीत, त्यांचा डबा वेगळा. झिरी मारताना बीम-कॉलमला कटर लावू देऊ नका, आणि पावसाळ्यात ओल येणारी बाहेरची भिंत टाळता आली तर टाळा.

आता वायरमनची दुसरी सवय, जी मला जास्त घाबरवते. त्याच्या डोक्यात काळी म्हणजे न्यूट्रल, आणि न्यूट्रल सगळ्यांना कॉमन चालतो. ओळखीच्या एका घरी पाच स्पीकरला पाच लाल आणि एकच काळी ओढलेली पाहिली, वायर वाचली म्हणून खूश. रिसीव्हर चालू केला की क्लिक आवाज, स्क्रीनवर 'प्रोटेक्ट' (म्हणजे रिसीव्हर स्वतःला वाचवतोय) आणि बंद. काही अँपमध्ये निगेटिव्ह टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथेही आउटपुट असतं, असे निगेटिव्ह एकमेकांना जोडले की अँप शॉर्ट. तेव्हा प्रत्येक स्पीकरला स्वतःची जोडी, रिसीव्हरपासून थेट स्पीकरपर्यंत, मध्ये जॉइंट नाही.

आणि भिंतीवर स्पीकर पॉइंट म्हणून ५ अँपिअरचं साधं सॉकेट अजिबात बसवू देऊ नका. हे आपल्याकडे सर्रास चालतं कारण बोर्डात मॅच होतं. पाहुण्यांपैकी कुणीतरी एक दिवस त्यात चार्जर खुपसणार, ते एक वेळ परवडलं, पण स्पीकरला टू-पिन लावलाय आणि साफसफाईत तो शेजारच्या खऱ्या सॉकेटमध्ये गेला तर कॉइल जळून धूर. स्पीकरच्या बाइंडिंग पोस्टची (वायर आवळून धरणाऱ्या टर्मिनलची) प्लेट मिळते, लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत विचारा. नाही मिळाली तर ब्लँक प्लेटला भोक पाडून वायर तशीच बाहेर काढा.

वायर किती जाड? तुम्ही लिहिलंय की मागचा एक स्पीकर पाईपच्या वळणांसकट १४ मीटरवर येतो. साधा नियम असा की वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. दीडच्या (१.५ चौरस एमएम) तांब्याच्या वायरीला आठ ओहमवर ही मर्यादा १५ मीटरच्या आसपास येते, चार ओहमवर निम्मी. म्हणजे तुमचं काम दीडमध्ये काठावर भागतंय, पण भिंतीत एकदाच जाणार तर मी अडीचचीच टाकेन, आणि उद्या चार ओहमचे स्पीकर आणलेत तर १४ मीटरला अडीचचीही थोडी कमीच पडेल, हे डोक्यात ठेवा. मात्र तांबं खरं हवं. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, रेझिस्टन्स दीडपटीहून जास्त आणि स्क्रूखाली दाबली की तार तुटते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत द्या (बाहेरून चांदीसारखी पण आतून लाल असेल तर ते टिन केलेलं तांबं, ते चालतं). हजारो रुपये मीटरच्या वायरींबद्दल माझं मत विचारू नका, भांडणं होतात.

लाइटची लाल-काळी अडीचची वायर वापरली तरी आवाजाला काहीच फरक पडत नाही. पण पाच वर्षांनी दुसरा वायरमन डबा उघडेल, लाल-काळी बघेल आणि त्याला फेज जोडून मोकळा होईल. म्हणून वेगळी दिसणारी दोन कोअरची वायर घ्या आणि दोन्ही टोकांना टेप लावून लिहा, 'स्पीकर, मागचा डावा' वगैरे.

हम यायचा तर तो सबवूफरला येतो, रिसीव्हरपासून त्याच्याकडे जाणारी आरसीए केबल नाजूक सिग्नलची. ती लाइटच्या वायरीपासून सगळ्यात लांब ठेवा. तरी आला तर आधी सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा, बिल्डिंगच्या केबलवाल्याचं अर्थिंग आणि तुमचं अर्थिंग वेगळं पडलं की त्या वाटेने ५० हर्ट्झची घूंऽऽ येते. हम गेला म्हणून कुणी प्लगची अर्थिंगची पिन कापायला सांगेल, ते ऐकू नका, आवाज गेला तरी सबच्या पत्र्यात फेज उतरला तर करंटला जमिनीत जायची वाट उरत नाही. जोडताना सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढा, नुसता रिमोटने बंद केलेला रिसीव्हर चालणार नाही. टोक सेंटीमीटरभर सोला, तारा पिळून घ्या, एकही केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकायला नको, बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायची पिन) लावले तर हा ताप बराच कमी होतो.

पीओपी बंद करायच्या आधी मल्टिमीटर घेऊन अर्धा तास द्याच. एक टोक मोकळं ठेवून जोडीत कंटिन्युइटी (मीटरची बीप) येता कामा नये. मग स्पीकर जोडा, आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवतो, घाबरू नका, ते बरोबर आहे. शून्याजवळ आला तर शॉर्ट, काहीच नाही आलं तर वायर तुटलीय. प्लस-मायनस तपासायला रिसीव्हरच्या बाजूची टोकं मोकळी करून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, सेलचा प्लस लालला लागला की वूफरचा कोन बाहेर यायला हवा. प्रत्येक भिंतीचे मोजायची टेप धरून फोटो काढा. आणि छताजवळचा स्पीकर पीओपीला नाही, अँकरने स्लॅबला लटकवा, पीओपी वजन घेत नाही.

सोफा नक्की कुठे येणार ते अजून तुम्ही लिहिलं नाही. मागच्या भिंतीला चिकटून असेल तर सराउंडचे (मागच्या दोन स्पीकरचे) पॉइंट मागे न घेता दोन बाजूंना, बसल्यावर कानाच्या थोडं वर घ्यावे लागतील आणि पाईपचा रस्ता बदलेल. हॉलचं माप आणि सोफ्याची जागा टाका, झिरी मारायच्या आधी बघून सांगतो.