फोर्कवर डॉक्सची तपासणी लाल झाली तर
भाऊ, परभणीत बसून पहिली पुल रिक्वेस्ट (फोर्कमधला, म्हणजे गिटहबवरच्या प्रकल्पाच्या आपल्या प्रतीतला, बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी विनंती) टाकलीस, लई बरं वाटलं. डॉक्सच्या, म्हणजे माहितीच्या पानांच्या, आपोआप होणाऱ्या तपासणीत लाल फुली दिसली म्हणून ती बंद मात्र करू नकोस. नवीन पोरं इथंच माघार घेतात.

आधी लॉग (तपासणीची नोंद) उघड आणि पहिली एरर वाच. शेवटची ओळ फक्त बिल्ड (पानं तयार करायचं काम) फसला एवढंच सांगते, खरं कारण वर असतं.

मग चूक कुणाची ते बघ. पानं तयार होतानाच अडलं असेल (तुटलेला दुवा, चुकलेलं इंडेंटेशन म्हणजे ओळीआधीची मोकळी जागा, मथळ्याखालची मथळ्यापेक्षा तोकडी रेघ) तर ते तुला दुरुस्त करायचंय. पानं नीट झाली आणि साइटवर चढवताना परवानगी नाकारली, तर दोष तुझा नाही. गिटहबवर फोर्कमधून आलेल्या पुल रिक्वेस्टला मूळ रेपोची (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याची) सीक्रेट्स, म्हणजे गुप्त किल्ल्या, मिळत नाहीत, टोकनही (प्रवेशाची चावी) सहसा वाचण्यापुरतंच असतं. अनोळखी कोडच्या हाती किल्ल्या जाऊ नयेत म्हणून ही सोय आहे आणि ती हवीच. अशा वेळी मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) दोन ओळी लिही. स्वतःचं टोकन वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या कामांच्या) फाइलीत कधीच टाकू नकोस.

तुझ्या फोर्कवर काहीच चालत नसेल तर अ‍ॅक्शन्स टॅबमधून वर्कफ्लो सुरू कर. सुरुवातीला ते बंद असतात.

पाठवण्याआधी तीच बिल्ड कमांड लॅपटॉपवर चालव. पॅकेजेस एकदा उतरवली की नेट फारसं लागत नाही. लातुरात लाइट गेलेल्या संध्याकाळी मी असंच शिकलो.

कॅशे, मॅट्रिक्स वगैरे पुढच्या गोष्टी आत्ता नको. ती पहिली एरर तेवढी मला पाठव.