जुन्या मोटरहोममध्ये हिवाळ्यात कॅम्पिंग करताना ऊब आणि विजेचं कसं जमवायचं?

तुम्ही लिहिलंय की स्टुटगार्टजवळ राहता, १९८७ ची हायमर कंपनीची मोटरहोम घेतलीये, डिसेंबरच्या सुट्टीत सहा आणि नऊ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटीसे तलावाजवळ चार रात्री काढायच्यात, आणि थंडीसाठी मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर घ्यावा की जनरेटर, असं विचारलंय. तर माझं सरळ म्हणणं आहे की यातलं काहीच घेऊ नका, ते पैसे हीटरच्या तपासणीवर आणि गॅसवर घाला. आमच्याकडे १९८५ ची गाडी आहे, मर्सिडीजच्या २०७ डी वर बांधलेली, आणि हा आमचा तिच्यातला सातवा हिवाळा.

मोठ्या बॅटरीचा विचार सगळ्यांच्याच डोक्यात येतो, माझ्याही आला होता, म्हणून आधी हिशोब मांडतो. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. साधा फॅन हीटर १५०० वॉटचा असतो, म्हणजे बॅटरी पार तळापर्यंत ओरबाडली तरी पाऊण तास, आणि लेड-अ‍ॅसिड किंवा एजीएम (तिचाच सीलबंद प्रकार) बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य संपत जातं म्हणून खरे हातात येतात वीस-बावीस मिनिटं, त्यात थंडीत तिची क्षमता अजून उतरते. लिथियम घ्या म्हणून कुणी सांगेल, पण शून्याच्या खाली गेलेली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते, केली तर आतून कायमची खराब होते, त्यामुळे ती गरम जागेत बसवावी लागते नाहीतर स्वतःचा हीटर असलेली घ्यावी लागते. जनरेटर बहुतेक कॅम्पसाइटवर आवाजामुळे लावूच देत नाहीत. विजेतून ऊब काढायचा नाद सोडला की बाकीचं सगळं सोपं होतं.

तुमच्या गाडीत बहुधा ट्रूमा कंपनीचा जुना गॅस हीटर असेल, कपाटाच्या तळाशी बसवलेला, पुढे जाळीचं कव्हर आणि वर गोल नॉब. एस ३००२ मॉडेल असेल तर तो ३.४ किलोवॉट उष्णता देतो आणि त्याच्या ज्योतीला गाडीच्या बॅटरीची गरजच नाही, थर्मोस्टॅट यांत्रिक आहे. नव्या गाड्यांमधले ब्लोअरवाले हीटर बॅटरी बसली की बंद पडतात, आपला जुना चालत राहतो, आणि माझ्या मते जुन्या गाडीची हिवाळ्यातली सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. १२ व्होल्ट लागतो तो फक्त गरम हवा पाइपातून मागच्या बेडपर्यंत ढकलणाऱ्या पंख्याला, आणि तो कमी स्पीडवर ठेवला तर रात्रभरात दोन-तीन अँपिअर-तासांच्या वर जात नाही. पंखा पूर्ण बंद केला तरी हीटरजवळ ऊब राहते, मागे मात्र गार पडतं, म्हणून मुलं मागे झोपणार असतील तर तो मंद चालू ठेवा.

पेटवताना घाई करू नका. नॉब फिरवून खाली दाबून धरायचा, टकटकटक असा ठिणगीचा आवाज येतो आणि खालच्या छोट्या काचेतून निळी ज्योत दिसते, तरी लगेच सोडायचा नाही, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा, कारण आतला थर्मोकपल (ज्योत आहे की नाही ओळखणारा सेन्सर) गरम होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहत नाही. गाडी बरेच दिवस उभी असेल तर पाइपात हवा असते, मग दोन-तीनदा करावं लागतं. ज्योत पिवळी, लवलवती दिसली तर बंद करा आणि दाखवून घ्या.

आता जुन्या गाडीत काय बघायचं. जर्मनीत या हीटरचा हीट एक्सचेंजर (ज्योतीभोवतीची धातूची पेटी, जिच्यातून ऊब गाडीत येते) ३० वर्षांनी बदलावा लागतो. तुमची गाडी १९८७ ची, तेव्हा आधीच्या मालकाने बदलला की नाही याचा कागद मागा, आणि कागद नसेल तर बदलला नाही असंच समजा. तो गंजून भोक पडलं तर जळलेला धूर थेट गाडीत येतो. गॅसचा रबरी पाइप आणि रेग्युलेटर दर १० वर्षांनी, त्यावर वर्ष छापलेलं असतं. दर दोन वर्षांनी जी ६०७ (गाडीतल्या गॅससाठीचा जर्मन नियम) ची गॅस तपासणी, तिचं पिवळं पुस्तक आणि स्टिकर. अजून एक घोळ असा की १९८० च्या दशकातल्या जर्मन गाड्यांची उपकरणं ५० मिलिबार गॅसदाबावर चालतात आणि आताच्या गाड्या ३० वर, त्यामुळे दुकानातून नवा रेग्युलेटर उचलताना हीटरच्या आणि शेगडीच्या पत्र्यावर कोरलेला आकडा आधी वाचा.

गॅस प्रोपेनच हवा. ब्युटेन शून्याच्या जरासं खाली गेलं की वाफ होणं थांबवतो, सिलेंडर जड लागतो पण शेगडी पेटत नाही, आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होत राहतो. जर्मनीतल्या राखाडी ११ किलोच्या सिलेंडरमध्ये मुख्यतः प्रोपेनच असतो त्यामुळे इथलं घ्याल तर प्रश्न नाही, उन्हाळ्यात दक्षिणेकडच्या देशांतून आणलेला उरलेला सिलेंडर मात्र घरीच ठेवा. एस ३००२ तासाला ३० ते २८० ग्रॅम गॅस खातो, म्हणजे फुल्लवर एक सिलेंडर जेमतेम ३९ तास. आमचा अनुभव असा की रात्री उणे आठ आणि दिवसा शून्याच्या आसपास असेल तर एक सिलेंडर साधारण तीन दिवस जातो, तेव्हा चार रात्रींना दोन भरलेले हवेतच. दुसऱ्या हिवाळ्यात आमचा सिलेंडर पहाटे साडेतीनला संपला, बाहेर उणे नऊ, मी टॉर्च तोंडात धरून गॅसच्या कप्प्याशी उभा आणि त्या सिलेंडरचे आटे उलटे असतात हे झोपेत आठवेचना, बोटं त्या पितळेला चिकटत होती, आत येईपर्यंत धाकटीचे हात गार पडले होते. त्यानंतर एक सिलेंडर संपला की आपोआप दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर बसवला, आणि तो नसेल तर झोपायच्या आधी सिलेंडर हलवून बघायचा, हलका वाटला की रात्रीच बदलायचा, अर्धवट राहिलेला दिवसा संपवता येतो.

आणि हे मी हात जोडून सांगतो की स्वयंपाकाची शेगडी ऊब घ्यायला पेटवून ठेवू नका आणि गाडीत निखारे तर अजिबात नेऊ नका. हीटर जळायला लागणारी हवा खालून बाहेरची घेतो आणि धूर वर चिमणीतून सोडतो, त्याचा आतल्या हवेशी संबंध नसतो, पण शेगडी आपल्याच श्वासाची हवा खाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म घ्या, गाड्यांसाठीचा जो ईएन ५०२९१-२ असतो तो, आणि झोपतो त्या उंचीच्या जवळ लावा. बर्फ पडला की सकाळी सगळ्यात आधी टपावरची चिमणी आणि गाडीखालची जागा मोकळी करायची, चहा नंतर. गॅसच्या कप्प्याच्या तळाला जी भोकं असतात त्यातून गार वारा येतो म्हणून काहीजण चिंध्या कोंबतात, तसं चुकूनही करू नका, गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर त्याच भोकांतून बाहेर जातो.

थंडीइतकाच त्रास ओलीचा होतो आणि याबद्दल कुणी आधी सांगत नाही. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, हीटरचं ते चिमणीतून जातं पण शेगडीचं सगळं आतच राहतं, त्यात चार माणसांचे श्वास. आम्ही पहिल्या ट्रिपला कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या आणि पुढच्या काचेवरून पाण्याचे ओघळ डॅशबोर्डवर, सकाळी गादीची कड उचलली तर भिंतीकडच्या बाजूला हात फिरवल्यावर तळवा ओला. आता खिचडी घरून करून नेतो, फक्त गरम करतो, झाकण ठेवून, आणि वरची खिडकी दोन बोटं उघडी असतेच, अगदी उणे दहालाही. ऊब थोडी जाते पण ओलही बाहेर जाते. गाद्या भिंतीपासून थोड्या पुढे ओढा, मागून गरम हवा फिरली पाहिजे, तिथे कपडे आणि खेळणी कोंबून ठेवली की बुरशी ठरलेली.

हायमरच्या भिंती अ‍ॅल्युमिनियम आणि मधे फोम अशा आहेत, खिडक्या दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या, त्यामुळे गाडी बऱ्यापैकी ऊब धरते. गार पडते ती पुढची केबिन, तिथे एकेरी काच आणि उघडा पत्रा. काचेवर चांदीसारखी थर्मल मॅट बाहेरून लावा, आतून लावली की मॅटच्या मागे काचेवर बर्फ साचतो. सीटच्या मागे जाड पडदा, आणि जमिनीवर सतरंजी किंवा जुनं कार्पेट. आईने जुन्या साड्यांच्या शिवलेल्या दोन गोधड्या आम्ही गादीच्या वर नाही तर खाली घालतो, गारवा खालूनच येतो आणि त्यांच्यासारखं दुसरं काही तिथे कामाला येत नाही. मुलांना कानटोपी, मोजे आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी.

विजेचं सांगायचं तर टिटीसेच्या बाजूला कॅम्पसाइटवर लाइनची वीज मिळते, चार रात्रींसाठी ती घ्याच. निळा तीन पिनांचा प्लग आणि बाहेर वापरायची २५ मीटरची केबल लागते, केबल ड्रमवर गुंडाळलेली असेल तर पूर्ण सोडा नाहीतर लोड आल्यावर तापते. बुक करताना फ्यूज किती अँपिअरचा हे विचारा. सहाचा असेल तर २३० व्होल्टने जेमतेम १३८० वॉट, म्हणजे २००० वॉटची किटली लावली की गेला, आणि आमच्याबाबतीत एका ठिकाणी तो फ्यूज कुलूपबंद पेटीत होता आणि ऑफिस सकाळी आठला उघडणार होतं. रात्रभर काही अडलं नाही कारण हीटर गॅसवर होता. १६ अँपिअर मिळाले तर दिवसा छोटा इलेक्ट्रिक हीटर लावून गॅस वाचवता येतो, पण बऱ्याच ठिकाणी युनिटप्रमाणे पैसे घेतात ते बघून.

लाइन नसेल तेव्हा ९५ अँपिअर-तासांच्या एका एजीएमवर आमच्या दोन रात्री आरामात निघतात. सगळ्यात जास्त फरक दिव्यांनी पडला, जुने चार हॅलोजन १० वॉटचे होते, पाच तासांत १७ अँपिअर-तास खायचे, आता २ वॉटचे एलईडी आहेत तर साडेतीनसुद्धा लागत नाहीत. फ्रीज १२ व्होल्टवर गाडी चालू असतानाच, उभी असताना गॅसवर. मोबाइल आणि लॅपटॉप १२ व्होल्टच्या चार्जरवरून, इन्व्हर्टर नको. व्होल्टमीटर लावून घ्या, विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, तिथे थांबायचं. सोलरवर डिसेंबरमध्ये भिस्त ठेवू नका, आमचं १०० वॉटचं पॅनल सपाट आहे, सूर्य झाडांच्या वर येईपर्यंत दुपार होते आणि चांगल्या दिवशीसुद्धा पाच-सहा अँपिअर-तासच येतात.

पाण्याचं थोडक्यात, सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून खाली बादली ठेवा, टाकीत पाणी गोठलं तर निघत नाही. बॉयलरला फ्रॉस्ट व्हॉल्व्ह असेल तर तो तीन अंशांच्या आसपास आपोआप उघडून सगळं पाणी जमिनीवर सोडतो, ते बिघडलेलं नसतं, आधी गाडी तापवा आणि मगच पाणी भरा. डिझेल नोव्हेंबरच्या मध्यानंतर इथेच भरलेलं असू दे, तेव्हापासून पंपावर उणे २० पर्यंत चालणारं हिवाळी डिझेल मिळतं, ऑक्टोबरचं टाकीत राहिलं असेल तर संपवून भरा.

टिटीसे साडेआठशे मीटरवर आहे, फेल्डबर्ग डोंगराकडे चढलात तर अजून गार, तेव्हा निघायच्या दोन आठवडे आधी एक रात्र घरासमोरच गाडीत झोपा, मुलांना घेऊन, हीटर आणि पंखा लावून, आणि सकाळी व्होल्टमीटर, गादीच्या कडा आणि सिलेंडरचं वजन बघा. हीटरच्या कव्हरच्या आत पत्र्याची पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल, वर्ष आणि मिलिबारचा आकडा इथे खाली लिहा, हीट एक्सचेंजर कोणता लागेल ते मी बघून सांगतो.