सोयाबीनच्या वड्या परतल्या की चिवट होतात, कढईत पाणी सुटतं. काय चुकतंय?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: मालकांनी आषाढीला माळ घातली, तेव्हापासून परभणीच्या तुमच्या घरात मटण-चिकन बंद. दोन्ही पोरं गाडीवरच्या चिकन चिलीची आठवण काढतात, म्हणून तुम्ही सोयाबीनच्या वड्या आणि टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) आणून कोबी-ढोबळी मिरचीत परतून बघितलं. वड्या रबरासारख्या झाल्या, उग्र वास आला आणि कढईत पाणीच पाणी.

मी लातूरला मेस चालवते, अकरा वर्षं झाली. क्लासची चाळीसेक पोरं दोन्ही वेळ जेवतात. आमचं घर लिंगायत, मटण मी कधी चाखलेलंसुद्धा नाही. त्यामुळं 'चिकनसारखं' म्हणजे कसं, हे मला माझ्या जिभेवरून कळत नाही. नांदेड-हिंगोलीकडच्या पोरांच्या तोंडाकडं बघून कळतं. आणि इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की गाडीवरच्या त्या प्लेटमध्ये पोरांना चिकन फार थोडं आवडत असतं. मोठ्या जाळावर करपायच्या बेतात आलेली कड, आंबट-तिखट सॉस, लसणाचा वास आणि दाताखाली चावायला काहीतरी, एवढं मिळालं की आत काय घातलंय हे निम्मी पोरं विचारतही नाहीत. तेव्हा चिकनची नक्कल करत बसू नका. तुमचं भांडण पाण्याशी आहे.

माझंही पहिल्यांदा हेच झालं होतं. सव्वा किलो वड्या गार पाण्यात भिजवल्या, घाईत दाबल्या न दाबल्या आणि कोबीवर टाकल्या. वरून सॉस ओतला. काळी आमटी तयार झाली. एक पोरगं ताट पुढं करून म्हणालं, "काकू, पुठ्ठ्याचं कालवण करायलाव का आज?" बरोबरच बोललं ते. अर्ध्याहून जास्त तसंच उरलं.

वडी म्हणजे काय हे समजलं की निम्मं काम होतं. आपल्या रानातलं सोयाबीन आडतीवर जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिनं आणि २० टक्के तेल असतं. तेल काढून घेतलं की उरते ती पेंड. आडतीवर तिला डीओसी म्हणतात आणि ती बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. खाण्याच्या प्रतीचं असंच तेल काढलेलं पीठ ओलं करून यंत्रात उष्णता आणि दाब देऊन पुढं ढकलतात. बारीक तोंडातून बाहेर पडताक्षणी दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगून जाळीदार होतं. ती आपली वडी. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तेल मात्र जवळपास नाहीच. (२०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तो हातात पडायची मारामार, आणि तेल काढून उरलेला माल पुड्यात घालून आपल्यालाच परत विकतात. असो, तो विषय वेगळा.)

म्हणजे वडीला स्वतःची चव नाही, स्निग्धपणा नाही, आणि जाळी मात्र स्पंजासारखी. जे आधी पाजाल ते धरून ठेवणार. तुम्ही पाणी पाजलंत, तिनं ते कढईत सोडलं.

आता कृती. चार माणसांना शंभर ग्रॅम वड्या पुष्कळ होतात. भिजून वजन अडीच-तीन पट होतं. भगुल्यात पाणी खळखळ उकळा, चमचाभर मीठ घाला, वड्या टाका, गॅस बंद करून झाका. मोठ्या वड्यांना सात-आठ मिनिटं, बारीक असतील तर पाच. मऊ व्हाव्यात म्हणून अर्धा-अर्धा तास ठेवू नका, नुसता लगदा होतो. मग चाळणीत ओता, गार पाणी घाला, तळहातात धरून पिळा. पुन्हा पाणी, पुन्हा पिळा. तुम्हाला येतो तो उग्र वास या पाण्याबरोबरच जातो. तिसऱ्यांदा पिळताना जुन्या सुती धोतराच्या फडक्यात बांधा आणि ताकद लावा. हात दुखला पाहिजे. फडक्यातून थेंब पडायचा बंद झाला की झालं.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात वड्या तीनदा धुवायची लाज वाटायची. तेव्हापासून ते पाणी मी टोपात धरून कढीपत्त्याच्या झाडाला घालते. उकळीचं खारट तेवढं फेकते.

पिळलेली वडी आता तहानलेली असते. तिला चव पाजायची वेळ हीच. मोठ्या वड्यांचे उभे दोन तुकडे करा. त्यावर दीड चमचा सोया सॉस, चमचाभर आलं-लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा, अर्धा चमचा व्हिनेगर आणि एक चमचा तेल घालून कालवा, वीस मिनिटं ठेवा. तेल विसरू नका. कारखान्यानं काढून घेतलेलं आपण परत देतोय असं समजा. चिवटपणा त्यानंच कमी होतो. मग दोन चमचे कॉर्नफ्लोअर वरून भुरभुरा, प्रत्येक तुकड्याला कोरडं पीठ लागलं पाहिजे.

लोखंडी कढई चांगली तापवा. तीन-चार चमचे तेल, त्यात तुकडे एका थरात पसरा आणि हात बाजूला घ्या. हलवायची घाई आपल्या सगळ्यांनाच असते. दीड-दोन मिनिटं उलथनं लावूच नका. खालची बाजू तांबूस, कुरकुरीत होऊन आपणच सुटते. मग उलटा, दुसरी बाजू करा, ताटात काढून ठेवा. त्यातली एक वडी तशीच तोंडात टाकून बघा. इथं चव नसेल तर पुढं सॉसनं येणार नाही.

तेल शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं, पण या कामाला रिफाइंड घ्या. घाण्याचं करडई तेल मला भाकरीबरोबरच्या चटणीवर फार आवडतं, मोठ्या जाळावर मात्र ते लवकर धुरकटतं आणि कडवट होतं.

भाज्यांचं पाणी हे दुसरं दुखणं, आणि त्याचं कारण गॅस. गाडीवाल्याची शेगडी भट्टीसारखी भणभणते, आपल्या घरच्या मोठ्या बर्नरला तेवढी धग नाही. कढईभर कोबी टाकला की कढई गार पडते, आणि गार कढईत भाजी परतली जात नाही, उकडते. म्हणून एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त भाजी टाकू नका. चौघांचं दोन घाण्यांत करा. मी चाळीस जणांचं आठ घाण्यांत करते, पर्याय नाही. भाज्या चिरायच्या आधी धुवा, पंचावर पसरून कोरड्या करा. गाजर आणि श्रावणघेवडा आधी, मिनिटभरानं ढोबळी मिरची, कोबी आणि कांद्याची पात अगदी शेवटी. मीठ आधी टाकलंत की भाजी रडायला लागते. ते सॉसमधूनच येऊ द्या.

सॉस वाटीत आधीच कालवून ठेवा: दोन चमचे सोया सॉस, एक चमचा व्हिनेगर, एक चमचा लाल मिरचीचा सॉस, लिंबाएवढा नको, सुपारीएवढा गूळ, एक चमचा कॉर्नफ्लोअर आणि पाव वाटी पाणी. भाज्या अजून कचकचीत असतानाच वड्या परत कढईत टाका, वाटी ढवळून कडेनं ओता, तीस-चाळीस सेकंदांत सॉस दाटून चकाकायला लागतो. गॅस बंद. लोखंडी कढईत आंबट पदार्थ ठेवला की काळा पडतो आणि लोखंडाची चव धरतो, तेव्हा लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

हे झालं गाडीवरचं. पण माझ्या मेसमध्ये याच्यापेक्षा जास्त काय खपतं सांगू? येसर लावलेल्या वड्या. कॉर्नफ्लोअरच्या जागी येसर भुरभुरायचा, सोया सॉसच्या जागी चिंचेचा कोळ आणि काळा मसाला. येसरात धान्यं-डाळी भाजून दळलेल्या असतात, त्यामुळं तो वडीला कॉर्नफ्लोअरसारखाच चिकटतो आणि वर खमंग वासही देतो. फक्त तो आधीच भाजलेला असतो, म्हणून जाळ मध्यम ठेवा, नाहीतर मिनिटात करपतो. वरून कांद्याची पात आणि भाजलेले तीळ. ज्वारीच्या भाकरीबरोबर हे कोरड्यास करून बघा. लग्नातली येसर आमटी आठवते आणि पोरं चायनीज विसरतात. निदान त्या दिवशी तरी.

टोफूचं दुखणंही पाणीच, पण तो वडीसारखा पिळता येत नाही, तुटतो. फडक्यात गुंडाळून वर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवा, अर्धा तास. आणखी चांगला उपाय म्हणजे चौकोनी तुकडे करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचे, सकाळी बाहेर काढून पूर्ण सुटू द्यायचे. आतल्या पाण्याचा बर्फ होताना टोफूत जाळी पडते, मग तो हलक्या हातानं दाबला तरी तुटत नाही आणि मसाला आतपर्यंत ओढतो. जपानात असा गोठवून वाळवलेला टोफू कोया डोंगराच्या नावानं ओळखतात. तिथं बौद्ध मठ आहेत, आणि मठातलं परंपरेचं जेवण आपल्यासारखं शाकाहारीच.

परभणीत टोफू नेहमी ताजा मिळत नसेल तर घरी करा, सोयाबीनला आपल्याकडं तोटा नाही. पाव किलो दाणे रात्रभर भिजवा, कढत पाण्यात वाटा (गार पाण्यात वाटलं की कच्चट वास जास्त येतो), गाळा आणि दूध चांगलं दहा मिनिटं उकळा. हे दूध कच्चं पिऊ नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उकळल्यावरच निकामी होतो. शिवाय ते उकळी यायच्या आधीच फसफसून वर येतं, तेव्हा भगुलं मोठं घ्या. मग गॅस बंद करून दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून थोडाथोडा घाला. पुढं पनीरसारखंच. साधारण दीड पाव टोफू निघतो. राहिलेला चोथा धपाट्याच्या पिठात.

अजून एक आहे, पण ते हौशी माणसाचं काम. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो आणि चोथा गुरांपुढं टाकतो. चीनमधल्या मठांत याच्या उलट करतात: कणीक घट्ट मळून पाण्याखाली धूत राहायची, पांढरा चीक वाहून जातो आणि हातात रबरासारखा गोळा उरतो. ते गव्हाचं प्रथिन. मिठाच्या पाण्यात पाऊण तास मंद शिजवून पातळ काप करून परतलं की चावायला वडीहून दमदार लागतं. मी दोनदाच केलंय. पाणी फार लागतं आणि चाळीस जणांचं करायला माणूस रिकामा पाहिजे. पनीर, मश्रूम वाईट नाहीत, पण चावायचं समाधान त्यात नाही. कच्चा फणस आपल्याकडं मिळाला तर घ्या, नाही तर सोडून द्या.

आता माळकऱ्यांच्या बाजूनं दोन गोष्टी. आमच्या शेजारचे एक माळकरी काका मेसवर जेवायला आले होते. गोल, काळपट रस्स्यातल्या वड्या बघून त्यांनी ताट बाजूला सारलं. मी शपथेवर सांगितलं सोयाबीन आहे. ते म्हणाले, "असंल बाई, पण दिसायलंय तसंच." मला राग नाही आला. ज्यानं मन घालून सोडलंय, त्याच्यापुढं तेच रूप करून कशाला ठेवा? तेव्हापासून माळकऱ्यांसाठी वड्यांचे बारीक उभे काप करते, रंग हलका ठेवते, भाज्या जास्त. मालकांना आधी विचारून घ्या, पोरांची प्लेट वेगळी करा.

दुसरं, सॉसच्या बाटल्या वाचून घ्या. हिरवा ठिपका बघाच. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि शेजवान चटणीत लसूण असतोच. तुमच्याकडं चातुर्मास पाळत असाल तर कांदेनवमीनंतर ती चालणार नाही. त्या चार महिन्यांत मी आलं दुप्पट करते, तेलात हिंग, जाडसर कुटलेले मिरे आणि कढीपत्ता तडतडवते. लसणाची आठवण येते, खोटं कशाला बोलू, पण भाजी उरत नाही.

घरात कुणाला थायरॉइडची गोळी असेल तर गोळी आणि सोयाबीन यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, सोयाबीननं ती गोळी नीट लागू पडत नाही. आणि पोटात वारा धरणाऱ्यांनी रात्री जपून.

पोरं डबा नेत असतील तर हे गरम गरम भरून झाकण लावू नका, वाफेचं पाणी होऊन सगळी कुरकुर जाते. परातीत पसरून गार करा, मग भरा. सॉस थोडा घट्टच ठेवा आणि भात वेगळ्या कप्प्यात द्या.

पहिल्या खेपेला एकच घाणा करून बघा आणि जमलं नाही तर वड्या कितीदा पिळल्या होत्या ते इथंच खाली लिहा.