होव्हरला विलंब लावल्यावर दोन सबमेनू एकदम उघडे का राहतात?

तुम्ही विचारलंय की वेबपेजच्या मेनूवर माउस नेल्यावर (होव्हर) सबमेनू जरा उशिराने उघडावा म्हणून जावास्क्रिप्टचा सेटटाइमआउट हा टायमर लावल्यावर माउस निघून गेला तरी सबमेनू उघडतो आणि कधी कधी दोन-दोन उघडे राहतात. दोन्हींचं मूळ टायमर कुठे ठेवलाय यात आहे.

सेटटाइमआउट टायमरचा एक क्रमांक परत देतो, टायमर रद्द करायला तोच लागतो. तो तुम्ही माउसएंटरच्या (माउस आत आल्याच्या) हँडलरमध्ये, म्हणजे त्या वेळी चालणाऱ्या फंक्शनच्या आतच लेटने व्हेरिएबल करून ठेवला, तर माउसलीव्हच्या (माउस बाहेर गेल्याच्या) हँडलरला तो दिसत नाही, म्हणजे टायमर रद्द होत नाही आणि वेळ झाली की सबमेनू उघडतो. व्हेरिएबल दोन्ही हँडलरच्या बाहेर हवं.

पण ते सगळ्या मेनूंना मिळून एकच ठेवलंत तर दुसरा घोटाळा होतो. माउस पहिल्या मेनूवरून निघाला, त्याचा मिटण्याचा टायमर लागला. लगेच दुसऱ्यावर आला आणि तिथल्या माउसएंटरने तोच टायमर रद्द केला. पहिला उघडाच राहिला! म्हणून प्रत्येक मेनूला स्वतःचे दोन टायमर द्या, एक उघडण्याचा, एक मिटण्याचा. फोरईचमध्ये (प्रत्येक मेनूसाठी एकदा चालणाऱ्या फंक्शनमध्ये) हँडलर जोडत असाल तर टायमरची व्हेरिएबल्स त्याच फंक्शनच्या आत, पण हँडलरच्या बाहेर लिहा. माउसएंटरमध्ये मिटण्याचा रद्द करून उघडण्याचा लावा, माउसलीव्हमध्ये उलट. टायमर रद्द करणाऱ्या क्लिअरटाइमआउटला रिकामं व्हेरिएबल दिलं तरी एरर येत नाही, त्यामुळे आधी इफ लावायची गरज नाही.

उघडायला मी १५० मिलिसेकंद ठेवतो, मिटायला ३००. मिटण्याचा वेळ जास्तच हवा, कारण लोक सबमेनूकडे तिरपा माउस नेतात.

माउसएंटरच्या जागी माउसओव्हर वापरू नका. आतल्या प्रत्येक लिंकवर गेलं की तो पुन्हा येतो आणि टायमर नव्याने सुरू होतो. सबमेनू त्याच एलआयच्या (मेनूतल्या त्या नोंदीच्या टॅगच्या) आत असू द्या, आणि वर मोकळी जागा हवी असेल तर ती मार्जिनने (बाहेरच्या जागेने) नव्हे, सबमेनूच्या पॅडिंगने (आतल्या जागेने) सोडा. मार्जिनच्या फटीत माउस गेला की माउसलीव्ह येतो.

नुसतं दाखवणं-लपवणंच असेल तर स्क्रिप्टही नको. सीएसएसमध्ये (पानाच्या रूपाच्या नियमांत) व्हिजिबिलिटीवर, म्हणजे दिसण्या-लपण्यावर, ट्रान्झिशन लावून ट्रान्झिशन-डिले (बदलाआधीचा विलंब) द्या: होव्हरच्या नियमातला डिले उघडताना लागू होतो, मूळ नियमातला मिटताना. इथे बहुतेकांची उलटापालट होते.

कीबोर्ड विसरू नका. फोकसइनवर (टॅब दाबत मेनूवर आल्यावर) सबमेनू विलंब न लावता उघडा, एस्केप दाबल्यावर मिटवा. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक नियमांमधला, २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१मधला १.४.१३ हा निकष होव्हर किंवा फोकसने उघडणाऱ्या मजकुराबद्दलच आहे.