वाचकांचे प्रश्न : तोंडातले जंतू आणि घशाचा कॅन्सर

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, तरुणपणापासून विडी ओढतात. हिरड्यांतून पू-रक्त येतं आणि दीड महिना आवाज बसलाय. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, तात्पुरता फरक पडला. तोंडातल्या जंतूंमुळे घशाचा कॅन्सर होतो असं मोबाइलवर वाचलं. आणखी एक कोर्स करून जंतू मारले तर धोका टळेल का?
– वाचक, कागल

उत्तर : आधी आवाजाचं बघा, जंतूंचं नंतर. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला, त्यातून माणूस विडी ओढणारा, तर तिसरा कोर्स नको. याच आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही हा विभाग आहे. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, लवचिक नळी आत सरकवतात, काही मिनिटांत स्वरतंतू समोर दिसतात. संशयास्पद काही असलं तर तुकडा काढून तपासायला पाठवतात. गिळताना एकाच बाजूला दुखणं, कान चांगला असून कानात कळ येणं, मानेत न दुखणारी गाठ, थुंकीत रक्त, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

कोर्सने तात्पुरता फरक का पडतो? कॅन्सरची गाठ असेल तर तिच्या वरच्या जखमेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. औषधाने तो कमी होतो, दुखणं हलकं होतं, गाठ मात्र तिथंच वाढत राहते. निदानाला उशीर होण्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे.

आता जंतू. हिरड्यांच्या आजारातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये सापडला आहे. फ्युजोबॅक्टेरियम हा दुसरा जंतू डोकं-मान भागातल्या (यात तोंड, घसा, स्वरयंत्र येतं) गाठींत आढळतो. पण गाठीत सापडला म्हणजे त्यानेच गाठ केली असं होत नाही. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी असतो आणि या जंतूंना तशीच जागा लागते. शिवाय २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांना उलटंच दिसलं : डोकं-मान भागातल्या ज्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम होता, ते रुग्ण जास्त बरे राहिले. हाच जंतू मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र त्रासदायक ठरतो. मथळ्यात हे सगळं मावत नाही, म्हणून ‘जंतूंमुळे कॅन्सर’ एवढंच छापून येतं.

जास्त भरवशाचा दुवा वेगळाच आहे. दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हे विष फक्त यकृतात तयार होत नाही. तोंडातले नायसेरिया आणि काही स्ट्रेप्टोकोकस जंतूही ते लाळेत तयार करतात आणि ती लाळ घशाखाली जाते. अस्वच्छ तोंड, विडी आणि दारू एकत्र आली की हे प्रमाण वाढतं. म्हणजे जंतू साथीदार आहेत, मुख्य आरोपी तंबाखू आणि दारू. आणि सगळे जंतू मारून टाकणं शहाणपणाचं नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात कोरिनेबॅक्टेरियम आणि किंगेला हे जंतू ज्यांच्या तोंडात जास्त होते, त्यांच्यात डोकं-मान भागातला कॅन्सर कमी आढळला. अँटिबायोटिकला हा फरक कळत नाही.

हिरड्यांसाठी दंतवैद्यांकडून दातांवरचं कीटण काढून घ्या. ‘त्याने दात हलायला लागतात’ हा गैरसमज आहे. दात आधीच हललेले असतात, कीटणाने धरून ठेवल्यामुळे कळत नाही, इतकंच. क्लोरहेक्सिडिनचं (गुळण्यांचं जंतुनाशक) औषध दिलं तर ते पेस्टने दात घासल्यावर लगेच वापरू नका, अर्धा तास थांबा. पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा असर कमी होतो. दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ते मनाने चालू ठेवलं तर दात तपकिरी पडतात.

प्रश्न : आई रोज दोन-तीनदा मिसरी लावते. तिच्या मते मिसरीने दातातले किडे मरतात, हिरड्या घट्ट होतात. खरं का?
– वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने तिचं औषध होत नाही, उलट जळण्यातून तयार होणारी कॅन्सरकारक द्रव्यं त्यात भर घालतात. जंतूंचं म्हणाल तर गंमत अशी, की तंबाखूचं पान सुकवताना आणि साठवताना त्यावरचेच काही जंतू त्यातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यातून नायट्रोसामाइन ही कॅन्सरकारक द्रव्यं बनतात. म्हणजे जंतू मारायला म्हणून जी पूड लावायची, तिच्यातलं विष बनवायला जंतूंनीच हात लावलेला असतो. बोट फिरवतो तिथली हिरडी झिजून खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं.

‘लावली नाही तर शौचाला होत नाही, डोकं दुखतं’ ही नेहमीची तक्रार निकोटिनच्या सवयीची आहे. पहिला आठवडा सर्वांत जड जातो. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. आईंच्या गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे दंतवैद्यांकडून आत्ताच बघून घ्या.

प्रश्न : पतीच्या घशाला पुढच्या महिन्यात रेडिएशन सुरू होणार आहे. दोन दाढा किडल्या आहेत, त्या नंतर काढल्या तर चालेल? प्रोबायोटिक कॅप्सूल द्यावी का?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : दाढा आधीच काढा, आणि आजच कॅन्सरतज्ज्ञ व दंतवैद्य यांचं एकमेकांशी बोलणं करून द्या. जखम भरायला किमान दोन आठवडे हवेत, तीन मिळाले तर उत्तम. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. तेव्हा दाढ काढली तर खड्डा भरत नाही, हाड उघडं पडून कुजू शकतं. हा धोका पुढेही कायम राहतो.

उपचार साधारण सहा-सात आठवडे चालतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून लाळ आटते, तोंड सोलवटतं. लाळ गेली की कीड आणि बुरशी दोन्ही फोफावतात. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, त्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे). दर दोन-तीन तासांनी गुळण्या, पाणी रोज नवीन. मऊ ब्रश वापरा, अल्कोहोल असलेलं माउथवॉश टाळा. तोंडात दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते, अँटिबायोटिकने ती वाढते. तांबडा रस्सा बंद. पांढराही नको, त्यातली मिरी झोंबते.

स्ट्रेप्टोकोकस सॅलिव्हेरियस के-१२ या तोंडातल्याच जंतूच्या गोळ्यांनी रेडिएशनमुळे तोंड येण्याची तीव्रता कमी झाल्याचं चीनमधल्या एका चाचणीत दिसलं आहे. दुकानात मिळणारी कोणतीही प्रोबायोटिक कॅप्सूल म्हणजे तो जंतू नव्हे. सोबत केमो असेल तर पांढऱ्या पेशी कमी होतात, अशा वेळी जिवंत जंतू मनाने देऊ नका. ताजं, गोड दही सोसत असेल आणि डॉक्टरांची ना नसेल तर चालेल.

प्रश्न : घशाच्या कॅन्सरच्या रुग्णाचं ताट-पेला वेगळा ठेवावा का?
– वाचक, शाहूपुरी

उत्तर : नको. कॅन्सर उष्ट्यातून लागत नाही.